चिमूटभर काळ्या पुडीत दहा गुंठे: करवंटीपासून ॲक्टिव्हेटेड कार्बन

आमच्याकडे करवंटी बंबात जाते. एखादी चांगली गोल मिळाली तर दांडा लावून तिचा डाव होतो, बाकी सगळ्या पाणी तापवायला. त्याच करवंटीवर नीट रासायनिक प्रक्रिया करून छिद्राछिद्रांचा कोळसा, म्हणजेच ॲक्टिव्हेटेड (सक्रिय) कार्बन केला, तर त्याच्या एका ग्रॅमला सुमारे १००० चौरस मीटर पृष्ठभाग मिळू शकतो. एक गुंठा साधारण १०१ चौरस मीटरचा. म्हणजे चमचाभरही नसलेल्या पुडीत दहा गुंठे जागा! पाण्यातला रंग, वास आणि बरीच सेंद्रिय द्रव्यं या जागेवर येऊन चिकटतात. या चिकटण्याला अधिशोषण म्हणतात. स्पंज पाणी पितो तसं हे नाही. इथे रेणू पृष्ठभागावर बसतो आणि तिथेच धरला जातो, म्हणून सगळा खेळ जागेचा आहे.

हा लेख बी.एस्सी., एम.एस्सी.च्या प्रकल्पासाठी पहिल्यांदाच हे करून बघणाऱ्यांसाठी आहे. हाताशी प्रयोगशाळा, मफल फर्नेस (विजेची बंद भट्टी) आणि धूर ओढून घेणारं फ्यूम हूड आहे असं मी धरून चालतो. घरच्या गॅसवर किंवा गच्चीतल्या पत्र्याच्या डब्यात हा उद्योग करू नका. गरम ॲसिडची वाफ आणि कार्बन मोनॉक्साइड या दोघांशी स्वयंपाकघरात गाठ पडू नये.

जाळी कशी पडते

अनारशाला जाळी पडली नाही तर त्याला कोणी अनारसा म्हणत नाही. कोळशाचं तसंच आहे. साध्या कोळशातही छिद्रं असतात, पण त्यातली बरीचशी डांबराने बुजलेली किंवा मुळात उघडलेलीच नसतात. ती उघडण्याचे दोन रस्ते आहेत. एक, आधी कोळसा करायचा आणि मग ८०० ते १००० अंशांवर वाफेने किंवा कार्बन डायऑक्साइडने तो आतून कोरायचा. करवंटीचा बाजारातला कार्बन बहुतेक याच पद्धतीने होतो. दुसरा रस्ता रासायनिक. कच्चा माल आधीच एखाद्या रसायनात मुरवायचा आणि मग एकदाच, बऱ्याच कमी तापमानाला भाजायचा. राफाएल फॉन ऑस्ट्रेइको याने १९०० च्या सुमारास या दोन्ही रस्त्यांची पेटंटं घेतली, आणि आजचा उद्योग अजून त्याच दोन रस्त्यांवर आहे.

रासायनिक रस्त्यावर तीन नावं वारंवार भेटतात: झिंक क्लोराइड, पोटॅशियम हायड्रॉक्साइड आणि फॉस्फोरिक ॲसिड. झिंक क्लोराइड जुनं आणि कामाला चोख, पण धुतलेल्या पाण्यात जस्त उतरतं आणि त्याची विल्हेवाट डोकेदुखी होते. पोटॅशियम हायड्रॉक्साइडने पृष्ठभागाचे आकडे डोळे दिपवणारे मिळतात. पण सातशे अंशांच्या वर त्यातून धातुरूप पोटॅशियम सुटू शकतं, आणि ते पाण्याला लागलं की पेट घेतं. शोधनिबंधातला आकडा बघून पहिल्याच प्रयत्नात त्याच्या वाटेला जाऊ नका. नवख्याने फॉस्फोरिक ॲसिड घ्यावं. ४५० अंश पुरतात, माल जास्त हाती लागतो आणि चूक झाली तर ती सहसा निस्तरता येते.

हे ॲसिड करतं काय? वनस्पतीच्या पेशीभिंतीत सेल्युलोज, हेमिसेल्युलोज आणि लिग्निन असतं. ॲसिड त्यातलं पाणी काढून घेतं आणि उरलेल्या सांगाड्याला फॉस्फेटचे सांधे मारतं. त्यामुळे एरवी डांबर होऊन धुरात निघून गेला असता तो कार्बन जागेवर राहतो आणि सांगाडा आकसतही नाही. भाजल्यावर ॲसिड त्या फटींमध्ये बसलेलंच असतं. ते धुऊन काढलं की रिकामी झालेली जागा म्हणजे आपली छिद्रं. हे वाक्य लक्षात ठेवा, कारण नवख्यांची बहुतेक फसगत इथेच होते. सगळं लक्ष भट्टीकडे असतं, आणि जाळी मात्र खरी मोकळी होते ती धुताना.

कच्चा माल

करवंटी पक्क्या नारळाची हवी. शहाळ्याची चालत नाही, ती कोवळी आणि पाण्याने भरलेली असते. आतलं खोबरं आणि बाहेरची शेंडी खरवडून काढा. खोबऱ्याचा तेलकट अंश राहिला तर भाजताना फार धूर होतो. धुऊन दोन दिवस कडक उन्हात वाळवा, मग ओव्हनमध्ये ११० अंशांवर रात्रभर ठेवा.

करवंटी मिक्सरमध्ये घालू नका. पातं तरी जाईल नाहीतर भांडं. गोणपाटात गुंडाळून हातोडीने फोडा, मग लोखंडी खलबत्त्यात कुटा आणि चाळा. एक ते दोन मिलिमीटरचे दाणे पहिल्या प्रयोगाला उत्तम. फार बारीक पीठ केलं तर पुढे गाळताना रडकुंडीला याल. एवढा खटाटोप नको असेल तर करवंटीची तयार पूड विकत मिळते. प्लायवुडच्या डिंकात भर म्हणून ती वापरतात.

करवंटीच का? राख अगदी कमी, लिग्निन भरपूर, दाणा टणक. देशावर करवंटी नसेल तर शेंगांची टरफलं घ्या (प्रयोगासाठी ती उचलायला कोणाची ना नसावी), विदर्भात पऱ्हाट्या, सुतारकामाचा भुसा, उसाची चिपाडं, सगळं चालतं. भाताच्या तुसापासून मात्र सुरुवात करू नका. त्यात वजनाच्या १५ ते २० टक्के राख असते, ती जवळजवळ सगळी सिलिका, आणि फॉस्फोरिक ॲसिडने ती हलत नाही. काजूची टरफलं तर अजिबात नकोत. त्यातल्या तेलाने हाताची सालं निघतात हे काजू फोडणाऱ्या बायकांना विचारा, आणि तापवल्यावर त्याचा धूर डोळ्यानाकात झोंबतो.

मुरवणं

वजनकाटा घ्या, आणि इथून पुढे प्रत्येक पायरीचं वजन वहीत लिहा.

कोरडी करवंटी: ५० ग्रॅम. ॲसिडचं प्रमाण वजनाला वजन, म्हणजे शुद्ध ॲसिड ५० ग्रॅम. बाटलीतलं ॲसिड ८५ टक्क्यांचं असतं, म्हणून ५० भागिले ०.८५, साधारण ५९ ग्रॅम. त्याची घनता १.६९ च्या आसपास असल्याने मापाने ३५ मि.लि. भरतात. शुद्ध ॲसिडचा हिशेब न करता बाटलीतलंच ५० ग्रॅम ओतणं ही इतकी सार्वत्रिक चूक आहे की दोन जणांचे निकाल जुळले नाहीत तर मी आधी हेच विचारतो.

चष्मा, नायट्रिलचे हातमोजे, ॲप्रन. बीकरमध्ये आधी ७५ मि.लि. डिस्टिल्ड पाणी घ्या आणि त्यात ॲसिड सावकाश, ढवळत सोडा. ॲसिडमध्ये पाणी ओतायचं नाही. फॉस्फोरिक ॲसिड सल्फ्युरिकसारखं अंगावर येत नाही, पाकासारखं संथ असतं, पण म्हणूनच लोक गाफील राहतात. अंगावर उडालं तर लगेच भरपूर पाण्याने धुवा. टेबलावर सांडलं तर खाण्याचा सोडा टाका, फसफसणं थांबलं की पुसा.

आता करवंटी त्यात घाला. सगळे दाणे भिजले पाहिजेत. झाकून ८० अंशांच्या आसपास दोन तास ठेवा, अधूनमधून काचेच्या कांडीने हलवा, आणि मग रात्रभर तसंच राहू द्या. अनारशाचे तांदूळ तीन दिवस भिजवतात ते उगाच नाही. ॲसिड दाण्याच्या गाभ्यापर्यंत पोचलं नाही तर बाहेर सक्रिय कार्बन आणि आत साधा कोळसा अशी वरून पक्की, आतून कच्ची गत होते.

दुसऱ्या दिवशी बीकर ओव्हनमध्ये ११० अंशांवर ठेवून पाणी उडवा. ॲसिड उडत नाही, ते मालातच राहतं. माल काळाकुट्ट, ओलसर, चिकट दिसेल. पहिल्यांदा करणारे इथे घाबरतात आणि बिघडलं म्हणून टाकून देतात. बिघडलेलं काही नसतं. भट्टीआधीच पाणी खेचायचं काम सुरू झालं, एवढाच त्याचा अर्थ.

भाजणं

चिनीमातीची झाकणवाली मूस घ्या आणि ती निम्मीच भरा, कारण माल फुगतो. या कामाला लावलेली मूस परत दुसऱ्या कशाला वापरू नका. गरम फॉस्फोरिक ॲसिड तिची चकाकी खातं. स्टीलचा डबा तर नकोच.

हवा आत जाता कामा नये. नायट्रोजनचं नळकांडं असेल तर प्रश्नच मिटला. नसेल तर जुनी युक्ती अशी: झाकण लावलेली छोटी मूस मोठ्या मुशीत ठेवायची, मधल्या जागेत साध्या लोणारी कोळशाचा चुरा भरायचा आणि मोठीवरही झाकण घालायचं. आत शिरणारा ऑक्सिजन आधी त्या चुऱ्याला गाठतो. आमच्या पहिल्या घाण्याला आम्ही एकच मूस वापरली होती आणि झाकण नुसतं वर टेकवलं होतं. संध्याकाळी उघडून बघतो तर कडेने पांढुरकी राख आणि मध्यभागी मूठभर काळं. तेव्हापासून डबल मूस.

भट्टी फ्यूम हूडखाली, किंवा निदान तिचं धुरांडं बाहेर काढलेलं. मिनिटाला ५ अंश या गतीने तापवा. १७० अंशांवर अर्धा तास थांबा, उरलंसुरलं पाणी जाऊ द्या. मग तिथून त्याच गतीने ४५० अंश, आणि तिथे एक तास. बस.

जास्त तापवलं तर जास्त चांगलं, हा समज इथे उलटा पडतो. ४५० च्या पुढे फॉस्फेटचे सांधे तुटायला लागतात, सांगाडा आकसतो आणि मिळालेली जागा कमी होते. आणखी वर, सातशे-आठशे अंशांकडे गेलात तर कार्बन फॉस्फेटवर क्रिया करून मूलद्रव्यरूप फॉस्फरस सुटू शकतो. तो विषारी आहे आणि हवेत आपोआप पेटतो. भट्टीची कमाल मर्यादा ५०० वर बांधून टाका.

तास भरला की भट्टी बंद करा आणि निघून जा. झाकण उघडून डोकवायचं नाही. गरम कार्बनला हवा मिळाली की तो धुमसतो, आणि दोन दिवसांची मेहनत पाच मिनिटांत राख होते. पूर्ण थंड झाल्यावरच, म्हणजे दुसऱ्या दिवशी सकाळी, उघडा.

धुणं

आता खरं काम. मुशीतलं काळं ढेकूळ खलात हलक्या हाताने मोकळं करा, बीकरमध्ये २५० मि.लि. डिस्टिल्ड पाण्यासोबत घ्या आणि पंधरा-वीस मिनिटं उकळा. नुसत्या गार पाण्याने काम होत नाही. तापवताना ॲसिडचे रेणू एकमेकांत गुंफून पॉलिफॉस्फेट झालेले असतात. उकळत्या पाण्यात त्या साखळ्या तुटतात तेव्हा कुठे ते बाहेर येतात.

गाळा. ब्युकनर फनेल आणि पंप असेल तर सोयीचं, नाहीतर दुहेरी मलमल. पहिलं पाणी वेगळ्या बाटलीत ठेवा. त्यात बरंचसं ॲसिड परत आलेलं असतं. पुढच्या घाण्याला ॲसिड पातळ करताना साध्या पाण्याऐवजी हेच वापरता येतं. किती ॲसिड परत आलं ते सोडियम हायड्रॉक्साइडशी टायट्रेट करून मोजा आणि तेवढं बाटलीतलं कमी घ्या.

मग पुन्हा पाणी, पुन्हा उकळी, पुन्हा गाळणं. आठ ते दहा वेळा. कंटाळवाणं आहे खरं. पाणी तिसऱ्या-चौथ्या वेळेलाच स्वच्छ दिसायला लागतं, आणि मन म्हणतं झालं आता. मीही एकदा त्या मनाचं ऐकलं. पुढे तो कार्बन रंगाच्या द्रावणात टाकला तर द्रावणाचा पीएच तीनवर उतरला आणि आठवडाभराची सगळी वाचनं फुकट गेली. पाण्याचा रंग ॲसिड संपल्याची खूण नाही. खूण एकच: कार्बन ताज्या डिस्टिल्ड पाण्यात दहा मिनिटं उकळून, गार करून त्या पाण्याचा पीएच बघायचा. तो ६ च्या वर आणि दोन धुण्यांमध्ये न बदलणारा हवा. डिस्टिल्ड पाण्याचाच पीएच हवेतल्या कार्बन डायऑक्साइडमुळे ७ च्या खाली असतो, तेव्हा सातसाठी अडून बसू नका.

पाणी शेवटपर्यंत पिवळं-तपकिरी येत राहिलं तर दोष धुण्याचा नाही. भाजणं कमी पडलंय. भट्टीचा आकडा खरा आहे का ते तपासा.

धुतलेलं पाणी बेसिनमध्ये सोडू नका. पंचगंगेत नाहीतर मुळा-मुठेत जलपर्णीचा हिरवा गालिचा बघितला असेल. तिला लागणाऱ्या खुराकात फॉस्फेट आहे, त्यात आपण भर घालायला नको. सगळं पाणी एका बादलीत जमवा आणि विरवलेल्या चुन्याची पातळ लापशी थोडी थोडी घालत पीएच ८ च्या पुढे न्या. पहिलं पाणी परत वापरलं नाहीत तर ५० ग्रॅम ॲसिडला साधारण ५५ ते ६० ग्रॅम चुना लागतो. कॅल्शियम फॉस्फेटचा पांढरा गाळ खाली बसतो. गाळ वेगळा करून प्रयोगशाळेच्या घन कचऱ्यात द्या.

शेवटी कार्बन ११० अंशांवर रात्रभर वाळवा आणि डेसिकेटरमध्ये (ओल शोषून घेणाऱ्या बंद भांड्यात) गार करून वजन करा. ५० ग्रॅमचे २० ते २५ ग्रॅम मिळाले तर घाणा जमला. साध्या कोळशाला तीसेक टक्केही मुश्किलीने मिळतात, तेव्हा हा आकडा मोठा वाटेल, पण तो बरोबर आहे. तीस ग्रॅमच्या वर मिळालं तर खूश होऊ नका. ते जादा वजन न धुतलेल्या ॲसिडचं असण्याची शक्यता जास्त.

जमलं का ते बघणं

पृष्ठभाग मोजायचं बीईटी यंत्र प्रत्येक कॉलेजात नसतं. दोन साध्या चाचण्या पुरतात.

पहिली डोळ्यांनी दिसणारी. मिथिलीन ब्लूचं लिटरला १०० मिलिग्रॅमचं द्रावण करा. दोन शंकुपात्रांत १००-१०० मि.लि. घ्या. एकात आपला कार्बन ०.१ ग्रॅम, दुसऱ्यात तेवढाच साधा कोळसा, दोन्ही सारखेच बारीक केलेले. अर्धा तास हलवा. कार्बन चांगला असेल तर पहिलं जवळजवळ पाण्यासारखं होतं, दुसरं निळंच राहतं. गाळताना सावध राहा, गाळणकागदही हा रंग धरतो. पहिले काही थेंब टाकून द्या किंवा सरळ सेंट्रिफ्यूज करा. कलरीमीटर असेल तर ६६४ नॅनोमीटरच्या आसपास मोजा.

पण या चाचणीवर एकटीवर विसंबू नका. फॉस्फोरिक ॲसिडने केलेल्या कार्बनचा पृष्ठभाग आम्लधर्मी असतो, आणि मिथिलीन ब्लू धनभारित. दोघांचं आधीच जमतं, त्यामुळे निकाल जरा कौतुकाचा येतो.

आयोडीन चाचणी जास्त निःपक्षपाती. बारीक, कोरडा कार्बन ०.५ ग्रॅम अचूक तोला, ०.१ नॉर्मल आयोडीनचं ५० मि.लि. द्रावण घाला, पाच मिनिटं जोरात हलवून गाळा. गाळलेल्यातलं १० मि.लि. घेऊन ०.१ नॉर्मल थायोसल्फेटशी टायट्रेट करा, शेवटाला स्टार्च. समजा ३ मि.लि. थायोसल्फेट लागलं. म्हणजे उरलेलं आयोडीन ०.०३ नॉर्मल, कार्बनने धरलेलं ०.०७. मग ०.०७ गुणिले १२६.९ गुणिले ५०, बरोबर ४४४ मिलिग्रॅम. अर्ध्या ग्रॅमला ४४४, तर ग्रॅमला ८८८. पाण्याच्या फिल्टरमधले चांगले कार्बन ९०० ते ११०० च्या घरात असतात. ही सोपी केलेली पद्धत आहे. प्रबंधात आकडा छापायचा असेल तर भारतीय मानक आयएस ८७७ मधली पूर्ण पद्धत वापरा.

ॲसिडचं प्रमाण बदलून बघायची इच्छा होईलच. दीडपट, दुप्पट घेतलं की छिद्रं रुंद होत जातात. मोठ्या रेणूंच्या रंगांना ते फायद्याचं, लहान रेणूंना तितकं नाही. एका वेळी एकच गोष्ट बदला. प्रमाण बदललंत तर तापमान आणि वेळ तीच ठेवा.

कशाला वापराल, कशाला नाही

रंगाच्या सांडपाण्यावर प्रयोग, फ्रिजमधला वास, वर्गातलं प्रात्यक्षिक, इथवर ठीक. पिण्याच्या पाण्यासाठी मात्र वापरू नका. यात उरलेला फॉस्फरस आणि कच्च्या मालातलं काय काय आहे हे तुम्ही तपासलेलं नाही. शिवाय कुठलाही कार्बन पाण्याचा खारटपणा किंवा जडपणा काढत नाही, मग तो घरचा असो की विकतचा. विषबाधेत डॉक्टर जो कोळसा देतात तो औषधी दर्जाचा असतो, त्याची जागा हा घेऊ शकत नाही.

हवाबंद बरणीत भरा. उघडा ठेवलात तर खोलीतलेच वास आणि ओल धरून बसतो आणि पुढच्या महिन्यात आकडे घसरलेले दिसतात. बरणीवर कच्चा माल, ॲसिडचं प्रमाण, तापमान, तारीख आणि शेवटच्या धुण्याचा पीएच लिहा. त्याखाली मोठ्या अक्षरात ‘खाण्यासाठी नाही’ हेही लिहा. बिनलेबलाची काळी पूड दिसली की राखुंडी समजून बोट बुडवणारी माणसं आपल्याकडे अजून आहेत.